बागेसाठी लाकडी स्लीपर: निवड, औषध आणि बसवणी

बागेतलं लाकूड पावसाने भिजलं म्हणून कुजत नाही. भिजून वाळायला जागा मिळाली नाही की कुजतं. विहिरीच्या तळाशी घातलेली जांभळाची लाकडं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, कारण पाण्याखाली हवा नसते आणि हवेवाचून बुरशी वाढत नाही. पूर्ण कोरडं लाकूडही टिकतं, कारण त्यात बुरशीला ओल मिळत नाही. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेली आणि हवाही मिळाली, की कूज सुरू होते. हे दोन्ही एकत्र सापडतात ते जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात. म्हणून कुंपणाचा खांब नेहमी मातीच्या पातळीवरच मोडतो. उपटून पाहिला तर खालचं टोक बरेचदा शाबूत असतं.

या एका गोष्टीवरून कामाचा क्रम ठरतो: आधी लाकडाची जात, मग पाण्याचा निचरा, आणि औषध सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावला जातो. स्वस्त लाकूड आणायचं, त्याला डांबर फासायचं आणि थेट मातीत गाडायचं. तीन पावसाळ्यांत ते भुसभुशीत होतं आणि दोष डांबराला दिला जातो.

काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

महाराष्ट्रात बागकामासाठी चार प्रकारचं जाड लाकूड मिळतं: रेल्वेचे जुने स्लीपर (रुळांखाली आडव्या घालत त्या जाड लाकडी तुळया), जुन्या वाड्यांच्या तुळया आणि खांब, वखारीतून कापून घेतलेलं नवं देशी लाकूड, आणि आयात केलेलं पाइन.

रेल्वेच्या स्लीपरला शेतघरांच्या बागांत मोठी मागणी असते, म्हणून त्याचीच चौकशी जास्त बारकाईने करावी. ब्रॉडगेजचा स्लीपर साधारण २.७४ मीटर लांब, २५ सेंमी रुंद आणि १३ सेंमी जाड असतो, म्हणजे ३.१ घनफूट. मीटरगेजचा १.८३ मीटर × २० × ११ सेंमी आणि नॅरोगेजचा १.५२ मीटर × १५ × १० सेंमी. साल या झाडाच्या लाकडाचा ब्रॉडगेज स्लीपर वाळलेला असला तरी ७५ किलोच्या आसपास भरतो. ओला त्याहून जड. दोन माणसं, दोर आणि खाली घालायला लोखंडी पाइपचे तुकडे हवेतच.

साल आणि साग यांचा गाभा, म्हणजे खोडाचा मधला घट्ट भाग, मुळातच टिकाऊ असल्याने हे स्लीपर बरेचदा औषध न देताच रुळाखाली घालत. चीड, कैल यांसारख्या मऊ लाकडांना मात्र पंजाबातल्या ढिलवान किंवा आसामातल्या नाहरकटिया इथल्या कारखान्यांत दाबाखाली क्रिओसोट पाजत. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल. ते कुजणं आणि वाळवी दोन्ही उत्तम रोखतं, पण त्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात आणि कातडीला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. युरोपात २००३ पासून असे जुने स्लीपर खेळाच्या जागी आणि जिथे कातडीला वारंवार लागतील अशा बागांत वापरायला मनाई आहे. आपल्याकडेही तोच नियम पाळावा. भाजीचा वाफा, मुलांची वाळूची पेटी, बाकडं, कमळाचं टाकं आणि घराचा आतला भाग यांसाठी क्रिओसोटचं लाकूड घेऊ नये. वर रंग मारला तरी उन्हाळ्यात तेल रंगातून पाझरून वर येतं.

स्लीपर बिनऔषधाचा सालाचा असला म्हणजे स्वच्छ असतो असंही नाही. वर्षानुवर्षं त्यावर इंजिनाचं तेल, ग्रीस, डब्यांच्या उघड्या संडासांची घाण आणि तणनाशक पडलेलं असतं. गाडीवाटेची कड, उताराचा बांध, कुंपणालगतची पायरी अशा कामांना हरकत नाही. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला नको.

भाजीच्या वाफ्यासाठी आमची पहिली पसंती वाड्याच्या लाकडाला. जुन्या सागाच्या तुळया आणि खांब यांत गाभा भरपूर, पांढरं लाकूड कमी, आणि दशकानुदशकं छपराखाली वाळल्यामुळे ते आता वाकत-पिळत नाहीत. त्यात खिळे मात्र असतात. चुंबक फिरवून एकेक खिळा काढून घ्या, नाहीतर करवतीचं पातं पहिल्याच कापात जाईल. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, म्हणून रंगवलेली बाजू कोरडी घासू नका. ओली करून खरवडा आणि तो भाग मातीकडे वळवू नका.

नवं देशी लाकूड घेताना एक गोष्ट पक्की धरा: टिकतो तो गाभा. सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असो की खैराचं, वाळवी आणि भुंगा ते खातातच. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीतल्या सागात हा पांढरा भाग बराच असतो, त्यामुळे ‘साग’ एवढं ऐकून पैसे मोजू नका, छेद पाहा. मातीला टेकणाऱ्या कामासाठी सागाचा गाभा, साल, बिबळा आणि खैर ही पहिल्या प्रतीची. ऐन, किंजळ आणि बाभळीचा गाभा मध्यम. निचरा चांगला असेल तर पुरेसे, आणि किमतीच्या मानाने ऐन-किंजळ कोकणात फार चांगले पडतात. निलगिरी स्वस्त, पण ती फाटते आणि पिळते. आंबा आणि सावर मातीत घालूच नका. साग, खैर, शिसव यांचं नवं लाकूड घेताना वखारीचं बिल आणि वनखात्याच्या वाहतूक परवान्याचा तपशील मागून घ्या.

आयात पाइन घ्यायचं तर ते कोणत्या धोका-वर्गासाठी प्रक्रिया केलेलं आहे ते विचारा. न्यूझीलंडच्या पद्धतीत ‘एच ३.२’ म्हणजे जमिनीच्या वर, उघड्यावर. ‘एच ४’ म्हणजे मातीला टेकून. मातीसाठी एच ४ च्या खालचं घेऊ नका. पॅकिंगच्या पेट्यांमधून निघालेल्या पाइनवर ‘एचटी’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ एवढाच की किडी मारण्यासाठी ते तापवलेलं आहे. कुजण्यापासून त्याला काहीही संरक्षण नसतं. हा शिक्का दाखवून ‘ट्रीटेड’ म्हणून लाकूड विकलं जातं, तिथे सावध राहा.

वखारीत तपासणी

स्लीपर रचलेल्या ढिगात वरून सगळे सारखेच दिसतात. प्रत्येक खाली उतरवून उलटा करून पाहा. हातोड्याने दोन्ही टोकांवर आणि मध्ये ठोका: खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पोकळ. मग टोकदार स्क्रूड्रायव्हर चार जागी जोर लावून दाबा: दोन्ही टोकं, रूळ बसायचा ती जागा, स्पाइकची (रूळ जखडणाऱ्या मोठ्या खिळ्यांची) भोकं आणि खालची बाजू. स्क्रूड्रायव्हर सेंटिमीटरभर सहज आत गेला तर तो स्लीपर बाजूला काढा. रूळ बसायच्या जागी कूज सर्वांत आधी लागते, कारण स्पाइकच्या भोकांतून पाणी थेट गाभ्यात उतरतं.

टोकाच्या उभ्या भेगा चालतात. त्या आरपार जाऊन एका बाजूने उघडल्या असतील तर नाही. टोकाला ठोकलेल्या इंग्रजी ‘एस’ आकाराच्या पट्ट्या भेग थांबवण्यासाठी असतात, त्या काढू नका. क्रिओसोट आहे का हे कळायला दुकानदाराकडून टोकाची पाच सेंटिमीटरची चकती कापून घ्या. ताज्या छेदात काळा रंग खोलवर गेलेला असेल आणि डांबराचा उग्र वास येत असेल, तर ते मऊ लाकूड भरपूर तेल प्यायलेलं आहे. काळेपणा नुसता कडेला असेल आणि आत तांबूस-तपकिरी घट्ट लाकूड असेल, तर बहुधा साल. शंका राहिली तर क्रिओसोट आहे असंच धरून चाला.

नव्या लाकडात ओल मोजायला दोन सुयांचा मीटर वापरा आणि टोकावर न मोजता मध्यभागी मोजा. टोक नेहमी फसवं कोरडं असतं. १० सेंमी जाडीचं ओलं लाकूड आतपर्यंत वाळायला सावलीत वर्षभर तरी लागतं. घाई असेल तर ओलं लाकूड बसवता येतं, पण ते आकसेल आणि सांधे उघडतील हे धरून जोडणी करावी लागते.

कापणं

जुन्या स्लीपरच्या बुडात खडी रुतलेली असते. कापायच्या रेषेवर तारेचा ब्रश मारा, चुंबक फिरवा, मगच करवत लावा. कार्बाइड दातांचं पातं घ्या. क्रिओसोटचं लाकूड सकाळी, सावलीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि एफएफपी२ मास्क घालून कापा. खाली ताडपत्री अंथरून सगळा भुसा गोळा करा. हा भुसा खतात जाऊ देऊ नका आणि उरलेले तुकडे कशातही जाळू नका, बंबात तर नाहीच. प्रक्रिया केलेल्या पाइनच्या तुकड्यांनाही हेच लागू. त्यातल्या बऱ्याच मालात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असतं. ते मिश्रण १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेशन यांनी शोधलं आणि जगभर त्याने कोट्यवधी खांब वाचवले. अमेरिकेत २००३ अखेर ते घरगुती वापरातून मागे घेतलं गेलं, ते त्यातल्या आर्सेनिकमुळे. भाजीच्या वाफ्याला तेही टाळा.

औषध

तीन गोष्टी आधी बाद करू. जळकं इंजिन तेल कूज थांबवत नाही. त्यातले जड धातू मातीत उतरतात आणि ते वर्षभर हाताला लागत राहतं. गरम डांबराचा जाड थर भेगेतून आत गेलेलं पाणी बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काळंभोर, धडधाकट दिसत राहतं. खांबाचं टोक जाळून काळं करण्याची जुनी पद्धत वरवरचे काही मिलिमीटर बदलते, पण कोळशाच्या थराला बारीक भेगा पडतात आणि ओल त्यातून आत जाते. त्यावर भरवसा ठेवू नये.

काम देणारे उपाय लाकूड कुठे बसणार यावरून ठरतात.

जमिनीच्या वरच्या लाकडाला, म्हणजे मांडवाच्या तुळया, बाकडं, वरची पट्टी यांना, बोरॉन स्वस्त आणि माणसाला तुलनेने सौम्य. ९५ लिटर कोमट पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो टाकणखार विरघळवलं की ५ टक्क्यांचं द्रावण होतं. ताडपत्रीचं टाकं करून लाकूड आठवडाभर बुडवून ठेवा, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून दीड-दोन महिने सावलीत ठेवा. बोरॉन ओलीतूनच आत सरकतं, त्यामुळे इथे ताजं कापलेलं ओलं लाकूड वाळलेल्यापेक्षा जास्त औषध पितं. १० सेंमी जाडीत ते गाभ्याच्या मध्यापर्यंत पोचणार नाही. आपल्याला वाचवायचं असतं ते बाहेरचं पांढरं लाकूड, आणि तिथे ते पोचतं. नंतर पूर्ण वाळवून वरून तेलाचे दोन हात द्या, नाहीतर पावसात बोरॉन धुऊन जातं. याच कारणाने मातीला टेकणाऱ्या भागात बोरॉन निरुपयोगी आहे, आणि वाफ्याच्या आतल्या बाजूला तर घातकही: जास्त बोरॉनने लिंबूवर्गीय झाडांची आणि घेवड्याची पानं कडेने करपतात.

मातीला टेकणाऱ्या लाकडाला तांब्याचं औषध लागतं. हे घरी ब्रशने द्यायचं काम नव्हे. ज्यांच्याकडे दाबाखाली प्रक्रिया करण्याचं सिलिंडर आहे अशा कारखान्यातून करून घ्या आणि सगळे काप, सगळी भोकं आधी मारून मगच लाकूड पाठवा. नंतर कापलं तर प्रक्रिया न झालेलं अंग उघडं पडतं. जागेवर कापावंच लागलं तर त्या तोंडाला कॉपर नॅफ्थेनेट हे तांब्याचं पातळ औषध तीन वेळा, शोषणं थांबेपर्यंत पाजा. लाकडाचं टोक बाजूच्या अंगापेक्षा कित्येक पट जास्त पाणी ओढतं, म्हणून औषधाची कंजुषी तिथे कधीच करू नका.

सागाच्या किंवा सालाच्या निव्वळ गाभ्याला दाबाखालीही औषध फारसं आत जात नाही. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा पांढरं लाकूड तासून काढा आणि टोकं तेलाने भरा. कोकणात होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल यासाठी चांगलं. कच्चं तेल कातडीवर फोड आणतं, तेव्हा हातमोजे घालूनच लावा, आणि पहिला हात पुरता वाळल्यावरच दुसरा द्या. कच्चं अळशीचं तेल नको. ते आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर काळी बुरशी धरते.

औषधाचं काम दिवाळी ते होळी या काळात उरका. मे महिन्याच्या उन्हात तेल आत मुरायच्या आधीच वरचा थर सुकतो.

एक वाफा, मोजमापासह

बाहेरून २.४ × १.२ मीटर आणि ४० सेंमी उंच वाफा धरू. लाकूड ८ फूट × ८ इंच × ४ इंच, कडेवर उभं लावायचं, एकावर एक दोन थर. सहा नग पुरतात, सुमारे १०.७ घनफूट. खालच्या थरात दोन अख्खे २.४ मीटरचे आणि त्यांच्या मध्ये १ मीटरचे दोन तुकडे. वरच्या थरात आडवे तुकडे पूर्ण १.२ मीटरचे आणि लांबीचे २.२ मीटरचे. असं केल्याने कोपऱ्यातले सांधे विटांच्या बांधकामासारखे एकमेकांवर चढतात आणि मातीच्या रेट्याने कोपरा उघडत नाही.

दोरी बांधून गुण्या तपासा. दोन्ही कर्ण सारखे भरले की आयत बरोबर. २५ सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल चर खणा, त्यात २० मिमीची धुतलेली खडी १० सेंमी भरून धुमसा. एकूण सहा-साडेसहा घनफूट खडी लागेल. बारीक कच असलेली खडी नको, ती पाणी धरून ठेवते. काळ्या मातीत चर ३० सेंमी खणून खाली मुरूम दाबून भरा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वाफा वाकडा करते. लाकूड काँक्रीटमध्ये बसवू नका. लाकूड आकसतं, काँक्रीट नाही, आणि मध्ये जी वाटी तयार होते तिच्यात पाणी साठून राहतं.

जोडणीला ८ मिमीचे गरम झिंकात बुडवलेले षट्‌कोनी डोक्याचे वुडस्क्रू, १८ ते २० सेंमी लांब, प्रत्येक कोपऱ्यात थरागणिक दोन. समुद्राजवळ ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या. साध्या लोखंडाला तांब्याचं औषध खातं, आणि ऐनासारख्या लाकडातल्या टॅनिनने भोवती काळे ओघळ येतात. आधी ८ मिमीचं भोक पहिल्या लाकडातून आरपार, पुढे दुसऱ्यात ६ मिमीचं. भोक न मारता कठीण लाकडात स्क्रू घुसवला तर टोक फाटतं.

आतल्या बाजूला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद लावा. तळ उघडाच ठेवा. कागदाची वरची कड लाकडी पट्टीखाली दाबून बंद करा. ती उघडी राहिली तर पाणी कागद आणि लाकूड यांच्या मध्ये उतरून तिथेच कोंडतं, आणि कागद न लावलेला बरा अशी गत होते. माती काठापासून पाच सेंमी खाली ठेवली की पाऊण घनमीटरच्या थोडी वर लागते. बाहेरच्या बाजूला पालापाचोळा आणि माती लाकडाला चिकटू देऊ नका. खडीचा तो मोकळा पट्टा दिसत राहिला तर वाळवीच्या मातीच्या नळ्या लगेच नजरेस पडतात. भाजीच्या वाफ्याजवळ किंवा विहिरीलगत जमिनीत वाळवीनाशक ओतायचं नाही. नळ्या खरवडून काढणं आणि कोरडी कड राखणं हाच इथला उपाय.

पायऱ्या आणि उताराचा बांध

ब्रॉडगेजचा स्लीपर आडवा टाकला की १३ सेंमीची चढण मिळते. चालायला सोपी पायरी हवी तर चढणीची दुप्पट अधिक पाऊल टाकायची रुंदी मिळून ६२ सेंमीच्या आसपास यावी, म्हणजे रुंदी ३६ सेंमी: २५ लाकूड आणि ११ मागची दाबलेली खडी. प्रत्येक पायरीला पुढे सेंटिमीटरभर उतार द्या. स्लीपरमधून आरपार सळई ठोकण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्या भोकातून पाणी गाभ्यात जातं. त्यापेक्षा पुढच्या बाजूने ७५ सेंमीचे लोखंडी अँगलचे खुंट जमिनीत ठोकून स्लीपर त्यांना स्क्रूने बांधा. आषाढात लाकडावर शेवाळ येऊन पाय घसरतो. घरात वयस्कर माणसं असतील तर पाऊल पडतं तिथे दगडी फरशी बसवा आणि लाकूड फक्त चढणीच्या तोंडाला ठेवा.

बांधाची उंची ६० सेंमीपर्यंत ठेवा. प्रत्येक थर मागच्या बाजूला एक-दोन सेंमी सरकवा, मागे ३० सेंमी रुंद खडीचा थर आणि तळाशी भोकांचा १० सेंमीचा पाइप घालून पाणी बाहेर काढा. बांध कोसळतो तो मातीच्या वजनापेक्षा मागे तुंबलेल्या पाण्यामुळे. दर दोन मीटरला एक स्लीपर आडवा, उताराच्या पोटात शिरेल असा घालून मुख्य थराला बांधा. ९० सेंमीच्या वर जायचं असेल तर अभियंत्याकडून आराखडा घ्या.

देखभाल

वर्षातून दोनदा पाहणी पुरते. पावसाळ्यानंतर स्क्रूड्रायव्हरने खालचा थर टोचून पाहा, पाचोळा काढा, नळ्या खरवडा. होळीच्या आधी टोकांना आणि वरच्या अंगाला तेलाचा एक हात द्या. सहा नगांच्या वाफ्याला एक-दीड लिटर तेल लागतं. मऊ जागा सापडली तर पटाशीने घट्ट लाकडापर्यंत कोरा, चार दिवस वाळू द्या, कॉपर नॅफ्थेनेट पाजा आणि खळगा तसाच उघडा ठेवा. त्यात सिमेंट भरलं तर पाणी पुन्हा कोंडेल. कूज जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खोल गेली असेल तर तो नग बदला. वाफ्याचे थर स्क्रूने जोडलेले असल्याने खालचा नग काढायला फक्त वरचा थर उतरवावा लागतो.